गाद्याचं सुतक

मामा, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत मी मनातल्या मनात तुमच्याशी तीनदा तरी भांडले. एकदा भाजी निवडताना, एकदा परीक्षेच्या वर्गावर लक्ष ठेवताना, आणि तिसऱ्यांदा काल, ठाणे स्टेशनच्या कोपरीकडच्या जिन्यावर, चक्क ओठ हलवत. एक मुलगी माझ्याकडे वळून बघत गेली. या भांडणांत तुमच्या बाजूची वाक्यंही मीच बोलते, कारण ती मला पाठ झालेली आहेत. तरीही शेवटी तुम्हीच जिंकता, आणि मला त्याचा राग येतो.

आमच्याकडे शिपायाला, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मामा म्हणायची पद्धत. मी कॉलेजात लागले तेव्हा तुम्ही प्राणिशास्त्र विभागात दहा-बारा वर्षं काढलेली होती. हिराजी हे नाव फक्त हजेरीच्या मस्टरमध्ये. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळ्यांचे तुम्ही मामा. तुम्ही मात्र विभागातल्या सगळ्यांना मॅडम म्हणायचात आणि मला एकटीला बाई. कारण विचारलं तेव्हा तुम्ही बेसिन घासत होता. मागे वळून न बघता म्हणालात की मॅडम लोक साडीला इस्त्री करून येतात. मी डोंबिवलीहून रोज धक्के खात यायची, साडीचं काय व्हायचं ते होतच होतं. मी हसले, पण घरी जाऊन इस्त्री काढली हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मला आठवतो तो वर्ग ज्यात मी सागरी सस्तन प्राणी शिकवत होते. डॉल्फिन मासा नव्हे, तो पिल्लाला दूध पाजतो, श्वास घ्यायला त्याला पाण्यावर यावं लागतं, आपल्या किनाऱ्यावरचा डॉल्फिन पाठीवर कुबड असलेला आणि आता धोक्यात आलेला. हे सगळं मी फळ्यावर चित्र काढून सांगत होते. तुम्ही मागे बाटल्या पुसत उभे होता. तास संपल्यावर तुम्ही शांतपणे विचारलंत, बाई, तुम्ही गादा बघितलाय का. तेव्हा कळलं की तुमच्या कोळी आळीत डॉल्फिनला गादा म्हणतात. आणि हेही कळलं की अकरा वर्षं मी जो प्राणी शिकवत होते, तो मी कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. एवढी लाज मला कुठल्याच परीक्षेत वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी तुम्ही मला पुतण्याच्या, जगनच्या होडीत बसवलंत. ओहोटी धरून आपण खाडीच्या तोंडाकडे निघालो. वाटेत सगळी माणसं दुर्बिणी घेऊन फ्लेमिंगो बघत होती, आणि तुम्ही त्यांच्याकडे पाहून म्हणालात की गुलाबी असतं तर गाद्यालाही पाहुणे आले असते. मग एके ठिकाणी तुम्ही जगनला इंजिन बंद करायला लावलंत. मला काहीच दिसत नव्हतं. तुम्हाला ऐकू आलं होतं. मग मलाही ऐकू आलं, कुणी तरी दमून भागून घरी यावं आणि खुर्चीत बसताना श्वास सोडावा तसा आवाज. राखाडी पाठ वर आली, कुबड दिसलं, पाण्यात गेलं. बाजूला एक लहान पाठ. मी उभी राहायला गेले आणि होडी डगमगली. तुम्ही माझा पदर ओढून मला खाली बसवलंत. जगन तोंड दाबून हसत होता. मी रडत होते, आणि त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही.

तिथून सगळं सुरू झालं. मी संशोधनाचा एक लहानसा प्रकल्प घेतला. खाडीच्या तोंडाशी उभ्या जाळ्यांत अडकून किती गादे मरतात हे कुणालाच माहीत नव्हतं. जाळ्यात अडकला की त्याला वर येता येत नाही, आणि पाण्यात राहणारा हा प्राणी पाण्यात बुडून मरतो. मी छान टाइप केलेली प्रश्नावली घेऊन तुमच्या आळीतल्या अकरा होडीवाल्यांकडे गेले. गेल्या वर्षी तुमच्या जाळ्यात किती डॉल्फिन अडकले? अकराही जणांनी सांगितलं, एकही नाही. मी ते कागद घेऊन विभागात आले. तुम्ही एकेक वाचलात आणि चहाचा कप बाजूला ठेवलात.

"बाई, असा इचारलाव तर कोन सांगल? कायदा करक हाय, माहीत हाय सगल्यांना. गादा किती मेला ता इचारू नका. होरी किती दिस बसली ता इचारा."

मग तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. तुमच्या आळीत जाळ्यात गादा मेला तर त्याला परत पाण्यात सोडतात, घरी येऊन अंघोळ करतात आणि दुसऱ्या दिवशी होडी काढत नाहीत. एक दिवसाचं सुतक. घरातलं माणूस गेल्यासारखं. कुणाला सांगायचं नाही, पण होडी बसवायची. खोटं बोलायला तोंड तयार असतं, होडी मात्र काठावर दिसतेच.

मी लगेच नवीन प्रश्नावली केली. होडी कुठल्या कुठल्या दिवशी बसली, एवढंच विचारायचं. लोकांनी भराभरा सांगितलं. मी बेरीज केली आणि हादरले. इतका मोठा आकडा आला की मी त्याच दिवशी कुणाला तरी तातडीचं पत्र लिहायला घेतलं होतं. तुम्ही तो तक्ता पाहिलात आणि हसता हसता तुम्हाला ठसका लागला. भांगाच्या दिवसांत, पाण्याला जोर नसतो तेव्हा, सगळ्याच होड्या घरी बसतात. दर पंधरवड्याला बसतात. मी प्रत्येक भांगाला अकरा गादे मारले होते. शिवाय लग्नं, हळदी, इंजिनाची दुरुस्ती, एका होडीवाल्याची मूळव्याध, सगळी मी गाद्यांच्या नावावर टाकली होती. तुम्ही म्हणालात की एवढे गादे मेले असते तर खाडीत पाण्याला जागा उरली नसती. ही गोष्ट तुम्ही पुढे विभागातल्या प्रत्येक निरोप समारंभात सांगितलीत, आणि दर वेळी आकडा वाढवलात.

मग तुम्हीच रीत घालून दिलीत. भांगाचे दिवस पंचांग बघून वगळायचे. आणि उरलेल्या दिवसांबद्दल पुरुषांना विचारायचंच नाही, कोपरीच्या बाजारात बसणाऱ्या बायकांना विचारायचं. त्या दिवशी टोपली का आली नाही हे बाईला बरोबर आठवतं, कारण त्या दिवशी तिला गिऱ्हाईक तोडावं लागलेलं असतं. मामी तिथेच मासळी विकायच्या, त्यांनी मला आपल्या शेजारी पाटावर बसवलं. पहिला आठवडा कुणी बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात मला कोलंबी सोलता येत नाही म्हणून हसल्या. तिसऱ्या आठवड्यात एक बाई कोयत्यावरून नजर न उचलता म्हणाली, त्या दिशी आमच्यात गाद्याचा सुतक व्हता. वर्षभरात माझ्याकडे एक खरा आकडा आला. लहान होता, पण खरा होता. आणि हा प्राणी काही वर्षांतून एकदा, एकाच पिल्लाला जन्म देतो हे लक्षात घेतलं तर तो अजिबात लहान नव्हता.

पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण तुम्ही समोर बसून वाट बघताय असं वाटतं, म्हणून लिहिते. मी तो अभ्यास एका परिसंवादात वाचला. सोबत नकाशा होता. नकाशावर तुमच्या बंदराचं नाव होतं. तुम्ही आधीच सांगितलं होतं, मरण लिहा, जागा लिहू नका. मी म्हटलं होतं, जागेशिवाय शास्त्र होत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, कोळ्यांच्या जाळ्यांत डॉल्फिनचे बळी, आणि खाली बंदराचं नाव. चार दिवसांनी सरकारी माणसं चौकशीला बंदरावर आली. त्यांचं काम त्यांनी केलं. जगनच्या जाळ्यात एक गादा मेल्याचं कळलं तेव्हा ते जाळं पंचनाम्यासाठी घेऊन गेले आणि ते परत यायला पूर्ण हंगाम गेला. मामींच्या शेजारचा पाट माझ्यासाठी पुन्हा टाकला गेला नाही.

तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं. दोन वर्षं तुम्ही माझ्यासाठी स्लाइड लावल्यात, सूक्ष्मदर्शक पुसलेत, परीक्षेला गांडुळं मोजून ठेवलीत, आणि माझ्याशी फक्त दोन वाक्यं बोललात. हो बाई. नाही बाई. चहा मात्र रोज आणून ठेवायचात, आधीसारखाच आल्याचा. मी माफी मागायला कितीदा तरी तुमच्या टेबलापर्यंत आले. दर वेळी काही तरी सामान मागून परत गेले. एका वर्षात त्या विभागात मी जेवढी काचपात्रं मागितली तेवढी आमच्याकडे नव्हतीसुद्धा.

मग एक दिवस कुणी तरी फोटो पाठवला, खाडीच्या चिखलात मेलेला गादा पडला आहे. मी वन खात्याला परवानगीचा फोन केला, मोजपट्टी घेतली, गमबूट घातले आणि कुणालाही न सांगता निघाले. मला वाटलं, चिखल म्हणजे पावसात आमच्या डोंबिवलीचा रस्ता असतो तसा काही तरी. दहा पावलांत मी गुडघ्यापर्यंत रुतले. बूट तिथेच राहिले, मी हलता हलेना. पंधरा मिनिटांनी मागून आवाज आला. तुम्ही लाकडी फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत घसरत येत होता. माझा फोन तुमच्या कानावर पडला होता, आणि विभागाला कुलूप लावून माझ्या मागे आला होता, रजेचा अर्जही न देता. मला फळीवर ओढून घेतलंत. एकदाही रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "बाई, या चिखलात थांबला तो गेला. हलत ऱ्हायचा."

आपण दोघांनी तो गादा मोजला. पट्टीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या. मादी होती. परांवर बारीक रेघा कोरल्यासारख्या उमटलेल्या होत्या. तुम्ही त्या बोटाने दाखवल्यात आणि म्हणालात, तंगूस. तुमच्या वडिलांच्या वेळी जाळी सुताची असायची, गाद्याला ती समोर आहे हे कळायचं, अडकला तरी फाडून जायचा. तंगुसाचा नायलॉनचा धागा त्याला कळतही नाही आणि तुटतही नाही. एरवी खाडीच्या घाण पाण्याला दोष देणारे तुम्ही, पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने जाळ्यांना दोष दिलात. आणि मी, इतकी वर्षं जाळी जाळी करणारी, म्हणाले, पण मामा, आमच्या डोंबिवलीच्या कारखान्यांचं पाणी कुठे जातं, भराव कोण घालतं, जहाजांच्या आवाजात त्याला ऐकू तरी काय येत असेल. त्या दिवसापासून आपण बाजू बदलल्या. पुढची सगळी वर्षं तुम्ही जाळ्यांवर बोट ठेवत राहिलात आणि मी पाण्यावर. मामी म्हणायच्या, यांचा भांडान नवरा-बायकोसारका हाय, हरला तरी चालतंय, संपला नाय पायजे.

फळीवरून परत येताना मी मागे बसून तुमच्या पाठीला म्हणाले, नाव लिहिलं ती माझी चूक होती. तुम्ही ऐकलंत की नाही मला अजून माहीत नाही. तुम्ही म्हणालात, पाय वर घ्या, नायतर दुसरा बूट जाईल. दोन्ही बूट आधीच गेले होते.

निवृत्त झाल्यावर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त कामाला लागलात. निरोप समारंभाची शाल त्याच संध्याकाळी मामींना दिलीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर हजर. अकरा होड्यांच्या मागे लागलात. खाडीच्या तोंडाशी, गादे पिल्लं घेऊन येतात त्या पट्ट्यात तंगुसाचं जाळं टाकून घरी जायचं नाही, जाळ्यापाशी थांबायचं. गादा दिसला तर जाळं टाकायचंच नाही. अडकलाच तर जाळं कापायचं, मासळीचा विचार नंतर. लोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं. कुणी म्हणालं, मामाला बाईने फितवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच ओट्यावर जाऊन बसलात. तुम्हाला चिकाटी होती असं म्हटलं तर तुम्हाला कमीपणा येईल, तुम्ही सरळ सरळ डोकं खायचात. गेल्या हंगामात एका होडीने भरलेलं जाळं कापून गादा जिवंत सोडला, तेव्हा त्या होडीवाल्याला तुम्ही भर बंदरात मिठी मारलीत. तो अजून सांगतो की हिरामामाने माझी बरगडी मोडली होती.

एकच गोष्ट राहिली होती. वन खात्याकडे जाऊन सांगायचं की हा पट्टा आम्ही स्वतः सांभाळतो, आम्हाला गुन्हेगार नका समजू, राखणदार समजा. त्यासाठी आधी आपलं खरं सांगायला हवं होतं. कुणाच्या जाळ्यात किती, कुठे, नावासकट. ते सांगितल्याशिवाय त्या अर्जाला काही अर्थ नव्हता. आणि नाव म्हटलं की सगळ्यांना जगनचं जाळं आठवायचं, आणि त्याच्या मागे उभी असलेली मी. या वेळी नाव लिहा असा तुमचा हट्ट होता आणि नको म्हणणारी मी होते. तुम्ही म्हणालात, तवा चोरून लिवलाव, आता इचारून लिवा, फरक हाय. येत्या भांगाला बैठक ठरली. तुम्ही सगळ्यांना घरोघरी जाऊन सांगून आलात. आणि बैठकीच्या सहा दिवस आधी, सकाळी अंघोळ करून पंचा वाळत घालताना, तुम्ही खाली बसलात ते बसलातच.

मी आले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. मी रडले नाही. जगन आणि बाकीचे होडीवाले बघत होते, आणि त्या नजरांसमोर मला रडता येईना. दुसऱ्या दिवशी विभागात गेले. कपाटात तुमच्या हाताने लावलेल्या बाटल्या आहेत अजून. लॅटिन नावं तुम्हाला वाचता येत नव्हती, तुम्ही ती रांगोळीसारखी काढायचात, एकेक अक्षर, आणि खाली मराठीत बारीक लिहायचात. खेकडा, नर, जरा रागीट. तिथे मात्र मला आवरलं नाही. नवीन आलेल्या मॅडम घाबरून पाणी घेऊन आल्या. मामा, तुम्ही माझ्या नोकरीतले सगळ्यात मोठे शिक्षक होता. हे मी तुम्हाला एकदा तरी तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर तुम्ही बेसिन घासायला गेला असता, ते सोडा, पण मी म्हणायला हवं होतं.

तुमच्या उत्तरकार्याला मी आले ती बैठकीचा विचार सोडूनच. मला वाटलं होतं, तुमच्याबरोबर ते संपलं. जेवणं झाली. होडीवाले ओट्यावर बसलेले होते. जगन माझ्यासमोर येऊन बसला. जाळं गेल्यापासून तो माझ्याशी धड बोलला नव्हता.

"बाई, ती मिटिंग करायची ना? सगले हायत. करा."

माझ्याकडे कागदपत्रं नव्हती. पर्समध्ये एक छोटी वही होती, तीच काढली. मी जे सांगायचं ते सांगितलं, तुमच्याइतकं चांगलं नाही, पण सरळ सांगितलं. नाव लिहिलं तर काय होऊ शकतं तेही सांगितलं, लपवलं नाही. मागच्या वेळी त्यांना न विचारता त्यांच्या बंदराचं नाव लिहिलं, ती माझी चूक होती, हे तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांसमोर पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले. मग वही उघडून बसले. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होतं. मला तेव्हा तुमचा इतका राग आला, मामा. एक आठवडा थांबायला काय झालं होतं तुम्हाला?

मामी आतून आल्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पयला यांचा नाव लिवा."

मला वाटलं, यादीवर मानाने तुमचं नाव घालायचं म्हणतायत. मी म्हटलं, मामी, तुम्हाला हवं असेल तर घालू. मामींनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी सांगितलं, सगळ्यांसमोर, अजिबात आवाज न चढवता. कॉलेजात लागायच्या आधी तुमची स्वतःची होडी होती. त्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा तंगुसाचं जाळं घेतलं. पहिल्याच हंगामात त्यात गाद्याची मादी मेली. तिचं पिल्लू होडीभोवती फिरत राहिलं, तुम्ही परत निघालात तरी बरंच अंतर मागे आलं. तुम्ही घरी आलात, अंघोळ केलीत, दुसऱ्या दिवशी होडी बसवलीत. आणि मग ती कधीच काढली नाहीत. भावाला देऊन टाकलीत आणि पुढच्या महिन्यात कॉलेजात बाटल्या पुसायला लागलात. मामी म्हणाल्या, "मना एकदाच बोलले. परत कवा नाव काढला नाय."

ओट्यावर कुणालाच हे माहीत नव्हतं. जगनलाही नाही. आणि मलाही नाही, कारण मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं. अकरा होड्यांना विचारलं, त्यांच्या बायकांना विचारलं, पंचांग चाळलं, दोनदा प्रश्नावली बदलली. जो माणूस ती प्रश्नावली हातात धरून मला शिकवत होता, त्याच्यापुढे एकदाही ठेवली नाही. माझ्या लेखी तुम्ही कोळी नव्हताच मामा, तुम्ही विभागातले मामा होता. तुमच्यापुरती होडी पंचवीसहून जास्त वर्षं बसून होती आणि ती मला मोजता आली नाही. याबद्दल मी तुमच्याशी चौथ्यांदा भांडणार नाही. ही माझीच चूक आहे. पण तुम्हीही सांगायला हवं होतं. मी काही तुमच्यावर रागावले नसते, आणि या लोकांचं तोंड कितीतरी आधी उघडलं असतं.

मी वहीत पहिली ओळ लिहिली. हिराजी, कोपरी, एक. मामींनी जवळ येऊन ती माझ्याकडून वाचून घेतली, मग आत गेल्या. त्यानंतर थांबावं लागलं नाही. एकाने सांगितलं, दुसऱ्याने त्याची जागा दुरुस्त केली, तिसरा म्हणाला माझे दोन, त्यातला एक पार जुना आहे, चालेल का. मी म्हटलं, चालेल. बरगडीवाल्याने आपला जिवंत सोडलेला गादाही लिहायला लावला, वेगळ्या रकान्यात. दहा होड्या झाल्या.

जगन शेवटी बोलला. म्हणाला, माझा एक, तो तुम्हाला माहीत हाय. मी त्याच्या नावापुढे एक लिहिलं. त्याने हात पुढे केला, वही घेतली, अगदी वरची ओळ बराच वेळ वाचत राहिला. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि आपल्या एकावर काट मारून बाजूला तीन लिहिलं.